बनसोडे सरांचा उजवा हात

चांगल्या सवयी लावून घेतल्या की आयुष्य सुधारतं, असं सगळेच सांगतात. मी मात्र चांगल्या सवयींपायी बेजार झालेला एक माणूस अगदी जवळून पाहिला आहे. आमच्या धाराशिवकडच्या वाशीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे बनसोडे सर. त्यांना तंबाखू नव्हती, सुपारी नव्हती, पत्त्यांचा नाद नव्हता. जे काही हाल झाले ते सगळे सद्गुणांनी केले. आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षात हा सगळा मामला येऊन अडला तो एका सहीपाशी. ती सही होते की नाही याची काळजी त्या दिवसांत मलाही इतकी लागली होती, की दुपारच्या जेवणानंतरची माझी हक्काची डुलकीसुद्धा मला येईना.

मी त्याच शाळेत लिपिक. शाळेतल्या लिपिकाला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे माझं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. मी मुळात बसणाऱ्यांपैकी. खुर्ची, टेबल, डोक्यावर पंखा आणि समोर कुणाचं तरी काम अडलेलं, एवढं असलं की मला आयुष्यात काही कमी वाटत नाही. बनसोडे सर याच्या बरोबर उलटे. उंचीनं बेताचे, अंगानं काटक, आणि बसलेले कधी दिसायचे नाहीत. पेपर उभ्यानं वाचायचे, चहा फेऱ्या मारत प्यायचे. वर्गात शिकवताना तर इतक्या येरझाऱ्या घालायचे की डुलकी काढण्यासाठी शेवटचा बाक धरणाऱ्या पोरांना त्या बाकाचा काही उपयोग राहत नसे. आमची दोस्ती कशी जमली याचं स्टाफरूमला नवल वाटे. कारण साधं होतं. त्यांचं घर माझ्या घराच्या मागच्या गल्लीत होतं, आणि त्यांना ऐकणारा माणूस लागे. मी उठून जाण्याचा कंटाळा करत असल्यामुळे ती गरज आपोआप भागत असे.

दर सोमवारी परिपाठ संपला की सर ऑफिसात येत, माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकत आणि जाहीर करत, "भाऊसाहेब, आजपासून धरलं बरं का."

काय धरलं, हे दर सोमवारी वेगळं असे. कधी पहाटेचं चालणं, कधी चहा बंद, कधी रोज शंभर इंग्रजी शब्द, कधी रात्रीचं जेवण सूर्य मावळायच्या आत. कुठलीही गोष्ट बेतानं करणं म्हणजे त्यांना स्वतःची फसवणूक वाटे. "सवयीला उसंत दिली की ती बिघडली," असं ते म्हणत. "तिच्या मागं लागावं लागतं. बसलं की संपलं."

चालण्याची सवय लावून घेतली तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी अर्धा तास सांगितलं होतं. सर पहिल्याच दिवशी पहाटे निघाले ते थेट पारगावापर्यंत चालत गेले. तिथं पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की परतही यायचं आहे आणि साडेदहाला घंटा होते. मग ते दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मधे उकिडवे बसून वाशीला आले. त्या दिवशी त्यांनी दोन तास खुर्चीत बसून शिकवले. शाळेच्या इतिहासात ते प्रथमच घडल्यामुळे पोरं घाबरली आणि वर्गात कधी नव्हती इतकी शांतता राहिली. दुसऱ्या दिवशी पायाला फोड, चप्पल घालता येईना. मी विचारलं, "काय सर, चालणं बंद?"

"बंद न्हाई, भाऊसाहेब. तहकूब."

त्या तहकुबीतून ते चालणं पुन्हा बाहेर आलं नाही. पण सरांना त्याचं दुःख नसे, कारण तोवर पुढचा सोमवार आलेला असे.

एका उन्हाळ्यात त्यांनी मुलांना पाणी पिण्याची सवय लावायचं मनावर घेतलं. कल्पना चांगली होती. दोन तासांच्या मधे एकदा घंटा द्यायची, सगळ्यांनी दोन घोट पाणी प्यायचं. सरांनी ती घंटा दर वीस मिनिटांनी द्यायला सुरुवात केली. शिपाई कंटाळला तेव्हा स्वतः दिली. पाणी पोटात गेल्यावर त्याचं पुढं जे व्हायचं ते विज्ञानाच्या शिक्षकाला ठाऊक असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा मुतारीपुढं रांगेत उभी आणि उरलेली अर्धी हात वर करून परवानगी मागतेय, असा देखावा झाला. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी घंटेचा हातोडा आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवला.

आणखी एका सुट्टीत ते दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला गेले. त्यांच्या घरात बुद्धवंदना रोजची, पण ती त्यांच्या पत्नीची, कौसल्यावहिनींची. सर उभ्या उभ्या हात जोडायचे आणि निघायचे. त्यामुळे ते मौन धरून बसायला जाताहेत म्हटल्यावर गल्लीतले लोक त्यांना एस.टी. स्टँडपर्यंत पोचवायला गेले. पाचव्या दिवशी सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो, तर सर काठी टेकत गल्लीतून येताना दिसले.

"सर, दहा दिवसांचं होतं ना?"

"दहा दिवसांचं चार दिवसांत केलं."

खरी हकीकत अशी निघाली की सगळे लोक सांगितलेल्या वेळीच ध्यानाला बसत आणि मधे आराम करत. सर आरामाच्या वेळेतही खोलीत मांडी घालून बसले. चौथ्या दिवशी गुडघा उघडेना. तिथल्या लोकांनी मोठ्या प्रेमानं त्यांना रिक्षात बसवून दिलं.

"त्यांचं माझ्याशी एवढंच वाकडं, भाऊसाहेब," सर म्हणाले. "म्हणायले, विश्रांतीच्या वेळात विश्रांती घ्या. म्या म्हणलं, तेवढ्यासाठी एवढ्या लांब कशाला? घरीच घेतो की."

आतून वहिनींचा आवाज आला, "घरी तरी कवा घेतलाव?"

कौसल्यावहिनी मूळच्या भूमकडच्या, खव्याच्या मुलखातल्या. घरामागच्या पत्र्याच्या शेडात त्यांची भट्टी होती. बचत गटातल्या भामाबाईंना सोबतीला घेऊन त्या ती चालवत. सकाळी गल्लीतल्या म्हशींचं दूध येई, ते मोठ्या कढईत पडे, आणि लांब दांड्याचं उलथणं फिरत राही. दहाच्या आत खवा उतरलेला असे. मग घरचं काम, दुपारचं जेवण, आणि त्यानंतर पदर तोंडावर घेऊन अर्धा तास गाढ झोप. तीस वर्षं हा क्रम मी पाहत होतो. त्यांनी कुठल्या सोमवारी तो जाहीर केल्याचं मला आठवत नाही.

सरांना त्या दुपारच्या झोपेचा राग येई. एकदा माझ्यादेखत त्यांनी अगदी शास्त्रीय कुतूहलानं विचारलं, "कौसल्या, तुला ही रोज उठून भट्टीची सवय लागली तरी कशी?"

"सवय कसली? दूध आलं की हलवायचं."

"आन न्हाई आलं तर?"

"तर पडून ऱ्हायचं."

सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. एवढ्या कमी विचारावर माणूस तीस वर्षं काढतो याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

मागच्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यात सर नववीच्या वर्गात फळ्यावर मुळाची आकृती काढत होते. हातातून खडू पडला. त्यांनी तो डाव्या हातानं उचलून उजव्यात दिला. तो पुन्हा पडला. असं चारदा झालं. पोरांना वाटलं, सरांनी आज नवीन काहीतरी धरलं. एका मुलीच्या लक्षात आलं की सरांचं तोंडही एका बाजूला जरा ओढलंय, आणि ती पळत ऑफिसात आली. मुख्याध्यापकांनी आपल्या गाडीतून त्यांना धाराशिवला नेलं. झटका सौम्य होता. बोलणं आठवड्यात सुधारलं, पायही सावरला. उजवा हात मात्र राहिला. बोटं आत वळून बसली ती उघडेनात, आणि उघडली तर मिटेनात.

सरांची निवृत्ती मे महिन्याच्या अखेरीला होती. त्यांच्या वयाच्या निम्म्या शिक्षकांसारखीच त्यांचीही जन्मतारीख एक जून, शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींनी अंदाजानं ठोकलेली. निवृत्तीचे कागद सहा महिने आधी पाठवावे लागतात. त्यात एक पान नमुना सह्यांचं असतं, एकाखाली एक तीन. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हे, पण त्यांना फाइल वेळेत गेली की बरं वाटतं. ते म्हणाले, "सही येत नसेल तर अंगठ्याचा ठसा घ्या, भाऊसाहेब. नियमात बसतं."

नियमात बसत होतं हे मलाही माहीत होतं. संध्याकाळी मी सरांना ते सांगायला गेलो. ते अंगणात बाजेवर पडले होते. ऐकलं आणि म्हणाले, "अंगठा न्हाई."

"सर, नुसती पद्धत आहे हो ती. त्यात कमीपणा..."

"बसा," ते म्हणाले. आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. तीस वर्षांच्या दोस्तीत ती त्यांनी कधी सांगितली नव्हती. त्यांचे वडील किसन, दुसऱ्याच्या रानात सालानं काम करत. एकदा कसल्याशा कागदासाठी ते तहसीलला गेले, सोबत सातवीतला प्रल्हाद, म्हणजे आमचे सर. कारकुनानं वडिलांचा अंगठा धरला, शाईत दाबला, कागदावर दाबला आणि सोडून दिला. कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. घरी आल्यावर शाई निघेना. मग मुलानं रॉकेलच्या चिंधीनं बापाचा अंगठा पुसला.

"पुसताना बाप म्हणला, परल्या, आपल्या घरातला ह्यो शेवटचा अंगठा. म्या म्हणलं, व्हय. आता मी निवृत्त व्हायलोय हेडमास्तरच्या टेबलापशी, आन शाईत अंगठा दाबू? छत्तीस वर्सं पोरं शिकवून?"

मी कारकून आहे. त्या कारकुनाच्या जागी मी स्वतःला पाहिलं आणि मला फार लाज वाटली. तरी सुचवायचं म्हणून म्हणालो, "मग डाव्या हातानं करा की सही."

"करून बघितली. शेजाऱ्यानं केल्यावानी दिसतीया."

त्या दिवसापासून मी माझ्या अंगच्या एकमेव गुणाचा उपयोग करायला लागलो. फाइल दाबून ठेवणं मला उत्तम येतं. आजवर त्याबद्दल मी शिव्याच खाल्ल्या होत्या. आता मुख्याध्यापकांनी विचारलं की कधी सेवापुस्तकातली एक नोंद राहिलेली निघे, कधी प्रिंटर बंद पडे, कधी माझी कंबर धरे. बायको म्हणाली, कामचुकारपणाला एवढे कष्ट घेताना मी तुम्हाला पहिल्यांदाच बघतेय.

धाराशिवच्या दवाखान्यात हाताच्या व्यायामासाठी एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी स्पंजचा चेंडू दिला आणि बजावलं, "काका, सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. मधल्या वेळात हाताला पूर्ण विश्रांती. विश्रांतीतच हात शिकतो, हे लक्षात ठेवा."

सरांनी यातलं अर्धं लक्षात ठेवलं. सोमवारी पहाटे चारला त्यांनी चेंडू हातात घेतला तो नऊपर्यंत सोडला नाही. जेवताना डाव्या हातानं घास आणि उजव्यात चेंडू. बसमध्ये चेंडू, अंगणात चेंडू. मी गेलो की मोजणी ऐकायला मिळे. "बाराशे झाले, भाऊसाहेब." त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली होती, आणि मला तेव्हाच भीती वाटली. आठव्या दिवशी मनगट सुजलं, दहाव्या दिवशी खांदा वर होईना, आणि बोटं पहिल्यापेक्षा घट्ट मिटून बसली. मॅडमनी तो हात पाहिला आणि त्यांना रागवावं की रडावं कळेना. म्हणाल्या, "काका, मी वीस मिनिटं सांगितली होती."

"म्या तुमचं महिन्याचं काम एका आठवड्यात आणलं, बाई."

"आणि हात दोन महिने मागे नेलात."

हे वाक्य सरांना लागलं. घरी आले, चेंडू कोनाड्यात टाकला आणि बाजेवर पडले. मग विश्रांतीही त्यांनी तशीच घेतली, धडाक्यात. तीन आठवडे ते उठले नाहीत. व्यायाम नाही, गोळ्या वहिनींनी हातावर ठेवल्या तर घेत, नाहीतर तशाच पडून. मी जाऊन बसे. पूर्वी मला तोंड उघडायला जागा नसे, आता दोघांच्या वतीनं मलाच बोलावं लागे. एकदा म्हणाले, "भाऊसाहेब, शाईचा पॅड वाळलेला नसंल ना तुमचा?" मी घरी आलो आणि जेवलो नाही.

त्याच सुमारास भामाबाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या. निदान वहिनींनी तसं सांगितलं. भामाबाईंच्या लेकीला मागच्याच वर्षी मूल झालं होतं असं माझी बायको म्हणाली, पण मी त्यात लक्ष घातलं नाही. वहिनी सकाळी बाजेपाशी उभ्या राहिल्या.

"उठा. कढईपशी मानूस न्हाई. म्या एकली काय काय करू?"

"माझा हात..."

"डावा हाय न्हवं? उजवा वर ठिवा, डाव्यानं धरा. दूध करपायलंय."

दूध करपतंय म्हटल्यावर सर उठले. शेडातला तो पहिला दिवस मी पाहिला, कारण मी कढईच्या बुडाची खरवड खायला गेलो होतो. वहिनींनी त्यांचा उजवा हात दांड्यावर ठेवला, एकेक बोट उलगडून वळवलं, वरून डावा हात धरायला लावला. सर हलवायला लागले. आधी पातळ दूध, मग बुडबुडे, मग बुडाशी चिकटायला लागलं. सरांच्या तोंडावर रक्त चढलं, ओठ आवळले गेले, हात जोरात फिरायला लागला. म्हणजे आता त्यांनी धरलं होतं. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "सरका."

"आता कुठं लागायलंय! अजून पंधरा मिनिटं..."

"सरका. दूध माझं हाय."

त्यांनी उलथणं काढून घेतलं. सर दोन पावलं मागं होऊन उभे राहिले. त्यांच्या हातातून काम काढून घेण्याची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. थोड्या वेळानं दुधाला पुन्हा उकळी फुटली आणि वहिनींनी न बघता म्हटलं, "या." ते गेले. पुन्हा "सरका." असं दर सकाळी. वहिनींनी घड्याळ पाहिलं नाही. दुधाकडे पाहत आणि नवऱ्याच्या मनगटाकडे पाहत. शेवटी कढई खाली उतरवली की त्या कुणाला हात लावू देत नसत. "आता निवू द्या. आता घोटला तर तूप सुटतंय, सगळा चिवट व्हतो." सर त्या निवणाऱ्या खव्याकडे तोंड वाकडं करून बघत उभे राहत. नुसतं बघत राहणं त्यांना कढई हलवण्यापेक्षा जड जात होतं.

जानेवारी संपेतो बोटं थोडी सैल झाली. आणि सुधारणा दिसल्याबरोबर सरांनी घात केला. वहिनी बाजाराला गेल्या होत्या. दुपारी चारचं दूध आलेलं, सर एकटेच. त्यांनी विचार केला की एवढा गुण दोन तासांत येतो, तर चार तासांत दुप्पट येईल. त्यांनी भट्टी पेटवली, सगळंच्या सगळं दूध कढईत ओतलं आणि एकट्यानं, न सरकता, हलवायला लागले. मी करपट वासानं धावत गेलो. कढईत काळपट तेलकट गोळा झाला होता, शेड धुरानं भरलं होतं, आणि सर उलथणं घट्ट धरून फिरवतच होते. मी ओढलं तेव्हा कळलं की त्यांनी ते धरलेलं नव्हतं. बोटंच आखडून दांड्याला बसली होती. आम्ही दोघांनी मिळून ती सोडवली.

वहिनी आल्या. कढईत पाहिलं. ते गटाचं दूध होतं, चार घरांचं. सर भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीवर, मान खाली. मला वाटलं आता वहिनी ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांनी कढई भट्टीवरून खाली ओढली. कोमट पाणी आणलं, त्यात त्यांचा हात बुडवला, फडक्यानं पुसला आणि आपल्या जुन्या लुगड्याची झोळी करून तो गळ्यात अडकवला.

"दोन दिस हात लावायचा न्हाई. कशालाच."

"आन तिसऱ्या दिशी?"

"तिसऱ्या दिशी दूध आलं तर बघू."

त्या दोन दिवसांत सरांनी काही केलं नाही. शेडाच्या दारात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तर वहिनी आत पदर घेऊन झोपल्या होत्या आणि बाहेर बाजेवर सर झोपले होते, तोंड उघडं, झोळीतला हात छातीवर. मी खोकलो नाही, बसलो नाही, तसाच मागं फिरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी दांडा पुढं केला, तेव्हा बोटं त्याच्याभोवती आपली आपण मिटली. वहिनींनी एकेक बोट वळवायला हात पुढं केला होता, तो मागं घेतला.

"काय बघायलाव?" त्या मला म्हणाल्या. "खरवड घ्या अन् जावा शाळंला."

मार्चमध्ये भामाबाई परत आल्या. सर तरीही रोज भट्टीपाशी जात. मी विचारलं, "सर, हे धरलंय वाटतं आता?" त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "धरायचं काय त्यात? दूध येतंय." आणि त्या वाक्यावर ते स्वतः दचकले नाहीत, मी मात्र दचकलो.

एप्रिलात शाळा सकाळची झाली. वरून फाइलीबद्दल दुसरं पत्र आलं. माझी कंबर, प्रिंटर, सेवापुस्तक सगळं वापरून झालं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "उद्या सरांना बोलवा, भाऊसाहेब. सही नाहीतर ठसा, एकदाचं काय ते करून टाका. आणि पॅड टेबलावर असू द्या."

सर आले ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. कागदांना नवराबायकोचा मिळून काढलेला फोटो लागतो, तो घेऊन वहिनीही आल्या होत्या. मी पॅड ठेवला होता, पण झाकण लावून, आणि हजेरीपटाच्या आड. नमुना सह्यांचं पान पुढं केलं. सरांनी डाव्या हातानं उजव्या बोटांत पेन बसवलं. पहिली सही करायला त्यांना किती वेळ लागला सांगता येणार नाही, पण मी तेवढ्यात श्वास घेतला नाही. झाली. दुसरीही झाली, पण शेवटची अक्षरं खाली घसरली आणि मनगट थरथरायला लागलं. ते थरथरणं मला ओळखीचं होतं. भट्टीपाशी ते दिसलं की वहिनी 'सरका' म्हणत. मी वहिनींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

मुख्याध्यापकांना धाराशिवला बैठक होती. घड्याळ पाहून ते म्हणाले, "घ्या सर, एकच राहिली. उरकून टाका."

सरांनी पेन उचललं. कागदावर टेकवलं. आणि मग खाली ठेवलं.

"थांबा जरा, साहेब. हात थकलाय. त्याला बसू द्या."

त्यांनी उजवा हात मांडीवर घेतला, वर डावा ठेवला आणि खुर्चीला टेकून बसले. मुख्याध्यापक उभे होते, तेही शेवटी बसले. वहिनी म्हणाल्या, "चहा सांगा, भाऊसाहेब." चहा आला, प्यायला गेला, कप परत गेले. बाहेर पाचवीचा वर्ग पाढे म्हणत होता. मी आयुष्यभर बसलोय, पण एवढं चांगलं बसलेलं मला कुणी आठवत नाही. मग सरांनी आपणहून पेन घेतलं आणि तिसरी सही केली. तीत एकही अक्षर घसरलं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी ताळा घ्यायला सेवापुस्तक उघडलं. तिथं छत्तीस वर्षांपूर्वीची सही होती. एक उभी रेघ आणि तिच्यातून निघालेला आडवा फराटा, बस्स. इथं शाळकरी मुलानं काढावं तसं, शिरोरेघेसकट, "प्र. कि. बनसोडे".

"सर, ही तर जुळत नाही," मुख्याध्यापक म्हणाले. न जुळणाऱ्या सहीला नियमात एकच उपाय आहे, तो हजेरीपटाच्या आड ठेवलेला होता.

सरांनी पुस्तक जवळ ओढलं. आपल्या जुन्या सहीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"जुनी लई घाईत केली व्हती, साहेब," ते म्हणाले. "हिच्यात माझ्या बापाचं नाव तरी वाचाया येतंय. हीच धरा."

मुख्याध्यापकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खिशातलं पेन काढून तिन्ही सह्यांच्या खाली लिहिलं, 'माझ्यासमक्ष केल्या', आणि घाईघाईनं आपली सही ठोकून ते बैठकीला गेले.

वहिनी उठल्या. "चला, दूध येऊन पडलं आसंल." दोघं मैदानातून फाटकाकडे निघाले, वहिनी पुढं, सर मागं. मी खिडकीतून बघत होतो. अर्ध्या वाटेवर कडुलिंबाच्या सावलीत सर थांबले. वहिनींनी मागं वळून पाहिलं नाही, पण त्याही थांबल्या. सरांनी उजव्या हाताची मूठ एकदा मिटली, एकदा उघडली, मग हात तसाच मोकळा सोडून दिला आणि ते चालू लागले.